सातवीची जागा

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? डोळ्यांवर की कानांवर? घाईनं उत्तर देऊ नका. ज्वारीचं वाण नुसतं डोळ्यांनी बघून घेणारं गिऱ्हाईक हमखास फसतं. वरचा दाणा मोत्यासारखा असतो, पोत्याच्या तळाशी काय दडलंय ते पोत्यालाच ठाऊक. जाणता माणूस मूठभर दाणे घेतो, कानाशी नेतो आणि खुळखुळवतो. वाळलेला दाणा बोलतो, ओला दाणा मुका राहतो. म्हणून शिरूरच्या बाजारात जुनी माणसं कानाला मान देतात. पण त्याच बाजारात, ज्वारीच्या एका गोदामात, आठ बायकांच्या कानांनी भर दुपारी जे ऐकलं ते ऐका, आणि मग ठरवा.

साल एकोणीसशे पंचाहत्तर, महिना मार्चचा. महिला वर्ष होतं ते. पुण्याच्या रेडिओवर खेड्यापाड्यांतल्या बायकांचे आवाज घ्यायचे ठरले होते. कुणी इतिहास सांगायचा, कुणी गाणं म्हणायचं, कुणी चळवळीत काय केलं ते बोलायचं. रेडिओतल्या मुक्ताबाई जीप घेऊन गावोगाव हिंडत होत्या. बाई पस्तिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना दौंडहून एक पोस्टकार्ड आलं. ‘आमच्या गोठणवाडीच्या सात बायकांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी आडाचं पाणी भरलं. त्यावर मी पोवाडा रचला आहे. आम्ही बायकाच गातो. आपण ऐकावा.’ खाली सही होती चांगुणाची.

चांगुणा दौंडच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. माहेर गोठणवाडी, मांडवगण फराट्याच्या पुढं नदीकाठची वस्ती. मुक्ताबाईंचं उत्तर आलं तेव्हा पोरीनं फळ्यावर चाललेलं गणित अर्धवट टाकून दिलं होतं म्हणे, आणि वर्गाला सुट्टी! गोठणवाडीच्या भीमनगर वस्तीत तर नुसता दंगा. “आपला आवाज रेडिओत! इलायतेपतुर जातुया काय गं?” सारजाबाई विचारायची. “जिथं जायचा तिथं जाईल, तू आधी सुरात म्हन,” चांगुणा म्हणायची.

आता पोवाडा म्हटलं की झील आली. पुढं एक जण गातो आणि मागचे त्याची ओळ झेलून ‘जी जी रं जी’ करत वर नेतात, ती झील. झीलवाले नसले तर पोवाडा म्हणजे मिठाविना भाकरी. चांगुणाच्या मागं झील धरायला वस्तीतल्या पाच जणी होत्या, सारजाबाई त्यांची म्होरकी. आणि सगळ्यांत मोलाची होती ताईबाई. वय पासष्टीच्या घरात, डोळ्यांत फुलं पडलेली. आडावर गेलेल्या सात जणींपैकी आता ही एकटीच उरली होती.

गोठणवाडीत ध्वनिमुद्रण काही जमेना. मुक्ताबाईंनी शाळेत यंत्र मांडलं तर नदीवरची ऑइल इंजिनं धडधडायला लागली. देवळामागं मांडलं तर पिठाची गिरणी. मुक्ताबाई हताश होऊन म्हणाल्या, “मला अशी खोली द्या, जिथं टाचणी पडली तरी आवाज होईल आणि होऊन तिथंच मरेल.”

तोडगा काढला पाशाभाईनं. पाशाभाई गोठणवाडीचाच. शिरूरला एका आडत्याच्या गोदामात मापारी होता, म्हणजे धान्य मापणारा. तो म्हणाला, “बाईसाहेब, ज्वारीचा हंगाम हाय. गोदाम आढ्यापतुर भरलंय. चारी अंगाला पोती. तिथं हाक मारली तर आपलीच आपल्याला परत येत न्हाई. पोतं आवाज पितं. बाजार बंद आसंल त्या दिवशी या.”

आणि तसंच झालं. बाजार बंदच्या दुपारी बायका एस.टी.नं शिरूरला उतरल्या, नवी लुगडी नेसून. आवाजच जाणार, लुगडं कुणाला दिसणार? पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती! गोदामाच्या दारात पाशाभाई उभा होता. त्याची एक खोड होती. दारातून जे आत जाईल ते मोजायचं. आणि मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. बायका आत शिरू लागल्या तशी त्याची जीभ आपोआप चालू झाली. “लाभ… दोन… तीन… चार…”

“आम्ही काय पोती हाय व्हय रं पाशा?” सारजाबाई उखडली.

“पोती असता तर बरं झालं असतं, मावशी. पोती बोलत न्हाईत.”

“मग रेडिओत पोतीच न्ह्यायची हुती की!”

हसत खिदळत आत आल्या. मुक्ताबाई धरून आठ. दार लागलं आणि हसू एकदम तुटलं. म्हणजे बायका हसतच होत्या हो, पण हसू तोंडातून निघून दोन हातांवरच विझत होतं. बाहेर भगभगतं ऊन, आत मात्र विहिरीच्या तळासारखा काळोख. गॅसबत्ती लावायची सोय नव्हती, तिची सूंऽऽ यंत्रात येते. एक कंदील होता, तोही वात बारीक केलेला. वास ज्वारीच्या भुशाचा, तागाचा आणि पोत्यांत घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा. बोललेला शब्द समोरचीला पोचेपर्यंत निम्मा होई. सारजाबाई दबक्या आवाजात म्हणाली, “कुणीतरी तोंडावर हात ठिवल्यागत वाटतंया…”

मुक्ताबाईंनी यंत्र उघडलं. दोन फिरक्या, मध्ये तपकिरी फीत. कानाला हेडफोन लावले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “इथं काहीतरी कुरकुरतंय. अगदी बारीक. सगळीकडून.”

पाशाभाईनं दार किलकिलं करून डोकं आत घातलं. “सोंडे असत्याल, बाईसाहेब. दान्यातलं किडं. आत बसून पोखरत्यात. आमाला वर्साचं बारा म्हयनं संगतीला आसत्यात, पन ऐकू कवा आलं न्हाईत. तुमचं यंत्र लई तिखट दिसतंय!”

मुक्ताबाईंनाही गंमत वाटली. एवढा बारीक आवाज धरणारं यंत्र, मग पोवाडा कसा उतरेल! त्यांनी हात वर केला. चांगुणानं डफावर थाप मारली.

“चैताचं ऊन, भुई तव्यावानी लाल,
कडेवर घागर, डोईवर आभाळ,
सात जणी निघाल्या आडाच्या वाटंला…”
“जी जी रं जीऽऽ!”

अंगावर काटा उभा राहावा असा आवाज! मुक्ताबाईंचे डोळे चमकले. पुढं नावं आली.

“पैली गं ताई, दुसरी बया,
तिसरी ती ठकी, चौथी गया,
पाचवी काशी, सहावी मनी,
सातवी…”

आणि चांगुणा थांबली. डफ थांबला. झील थांबली. चार मात्रा कुणीच काही म्हटलं नाही. मग सगळ्या एकदम उसळल्या.

“दोर तिचा, पोहरा तिचा, तहान आमची जुनी!”

मुक्ताबाईंनी यंत्र बंद केलं. “काय झालं? विसरलात?”

“न्हाई बाई,” चांगुणा म्हणाली. “ती जागा तशीच हाय.”

“म्हणजे?”

चांगुणानं ताईबाईकडं पाहिलं. ताईबाई पोत्याला टेकून बसली होती. तिनं सांगितलं, आणि त्या मुक्या हवेत तिचा आवाज अगदी जवळ, कानातच बोलल्यासारखा वाटला.

“आम्ही सहा जणी वस्तीतल्या. आडाला आमचा हात लागायचा न्हाई, वरनं कुणी वतलं तर पानी. त्या साली चैतात कुणी वतंना. पोरं घसा कोरडा करून निजायची. निघालो आम्ही. पन आड खोल, आन् आमचा दोर थिटा. गाव दगडं घेऊन हुबं. तवा आडाशेजारच्या घरातली सून बाहेर आली. तिच्या हातात लांब दोर आन् पोहरा. कुनाकडं बघितलं न्हाई तिनं. पयला पोहरा तिनंच वढला आन् माझ्या घागरीत वतला. आमच्या घागरी भरल्या, मग तिच्या घरच्यांनी तिला धरून आत नेली. पुन्यांदा कुनी बघितली न्हाई तिला. म्हायेराला धाडली म्हनत. म्हायेरचं मानूस बी कवा इचारीत आलं न्हाई…”

“नाव काय तिचं?”

“न्हाई सांगनार.”

“आजी,” चांगुणाचा आवाज चिरकला, “तीन वर्सं पाया पडतीया तुझ्या!”

“पानी वततानाच शपथ घातली तिनं आमास्नी. म्हनली, माझं नाव कुनी घेऊ नगा. जवा मीच माझं नाव घेईन, तवा तुमी घ्या. पाच जनी शपथ घिऊन मेल्या. मी बी तशीच जाईन.”

मुक्ताबाई अडचणीत पडल्या. त्यांनी समजावलं, “आजी, रेडिओवर सगळं चालतं, पण गप्प बसणं चालत नाही. चार मात्रा आवाज गेला की ऐकणाऱ्याला वाटतं, सेट बिघडला. आमचे साहेब ते कडवंच कापतील. आणि ते कापलं तर सातवी राहिली बाजूला, सहाही जातील. नाव तरी द्या, नाहीतर तिथं काहीतरी म्हणा. नुसतं ‘बाई’ म्हणा!”

“तिच्या जागंवर ‘बाई’ कशी म्हनू?” ताईबाई म्हणाली. “ती काय कुनीबी बाई हुती?”

चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं जुळवलेलं सारं एका नावासाठी मातीत चाललं होतं. म्हाताऱ्या बाईला दरडावावं तर शपथ मोडल्याचं पाप, गप्प बसावं तर त्या सात जणींचं पाऊल जगाच्या कानावर येणारच नाही. शेवटी तिनंच डफ उचलला. “बाई, एकदा पुरता घ्या. जागा तशीच ठिवून. कापायचं तर कापा. पन एकदा तरी पुरता उतरू द्या.”

मुक्ताबाईंनी फीत मागं नेली आणि यंत्र चालू केलं.

काय गायल्या हो त्या बायका! आता कापलंच जाणार म्हटल्यावर माणूस जीव ओतून गातो, तशा गायल्या. चांगुणाच्या कपाळाची शीर तटतटली. सारजाबाई तर गुडघ्यावर उभी राहून झील देत होती. पैली गं ताई, दुसरी बया… तिसरी… चौथी… पाचवी काशी, सहावी मनी… सातवी…

डफ थांबला.

चांगुणा मुक्ताबाईंकडंच बघत होती. त्यामुळं तिनं सगळं पाहिलं. त्या चार मात्रांत मुक्ताबाईंचा चेहरा हळूहळू वर आला. ओठ विलगले. डोळे आधी यंत्राच्या काट्याकडं गेले, मग बायकांच्या तोंडांकडं, एकेकीकडं, एकेकीकडं… आणि यंत्राचा तो काटा, जो गप्प असताना डावीकडं पडून राहायला हवा, तो उजवीकडं उठून उभा राहिला होता.

“दोर तिचा, पोहरा तिचा…” झील उसळली, पोवाडा संपला. मुक्ताबाईंनी हेडफोन उतरवले.

“कोण बोललं?”

“कुनी न्हाई बाई… कुनीच न्हाई.”

“मधे… तुम्ही थांबलात तेव्हा… तुमच्यापैकी कुणी…”

“आमी तर श्वास बी घेतला न्हाई,” सारजाबाई म्हणाली. “का वं?”

मुक्ताबाई उठल्या आणि त्यांनी दार ढकललं. “पाशाभाई, कुणी आत आलं होतं?”

“दाराला पाठ लावून बसलोय,” पाशाभाई म्हणाला. “आठ आत गेल्या. आठच हायेत. मापात फरक न्हाई.” त्यानं आत येऊन कंदील उचलला आणि थप्प्यांमागं फिरून आला. मांजरसुद्धा नव्हतं. मग तो एकदम थांबला. “बाईसाहेब, त्ये सोंडं ऐका की पुन्ना.”

मुक्ताबाईंनी हेडफोन लावले. बराच वेळ लावून बसल्या. “नाहीत,” त्या हळूच म्हणाल्या. “गप्प झालेत. सगळे.”

हजार पोती ज्वारी, आणि एक दाणा कुरतडल्याचा आवाज नाही!

“बाई, लावा,” चांगुणा म्हणाली. “आमाला ऐकवा.”

फीत मागं गेली. यंत्राच्या लहानशा कर्ण्यातून पोवाडा सुरू झाला. आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकताना बायकांना हसू यायला हवं होतं. कुणी हसलं नाही. पाचवी काशी… सहावी मनी… सातवी…

“रंभा.”

एवढंच. तरुण बाईचा आवाज. ओरडून नाही, भिऊन नाही. भर पंगतीत कुणी नाव विचारावं आणि ताठ मानेनं सांगावं तसा. आणि त्यामागं, अगदी बारीक, पाण्यात पोहरा आपटल्याचा आवाज.

एकीनं दाराकडं धाव घेतली. चांगुणानं डफ छातीशी धरला. आणि ताईबाई? ती म्हातारी पोत्याचा आधार घेऊन उभी राहिली होती, आणि टाळ्या पिटत होती!

“घेतलं! घेतलं गं तिनं! आपल्या तोंडानं घेतलं! बया, ठके, गये, ऐकताय न्हवं? अगं सुटलो! सुटलो आपण! रंभा! रंभा! रंभा!”

पंचेचाळीस वर्षं दातांमागं कोंडलेलं नाव ते, असं सुटलं की काय विचारता! बघता बघता भीती कुठल्या कुठं गेली. सातही जणी रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. पाशाभाई दारात उभा राहून टोपीनं डोळे पुसत होता. मुक्ताबाईंनी नोकरीतला सगळा रुबाब बाजूला ठेवला आणि ओरडल्या, “बसा! बसा जागेवर! पुन्हा घेऊ या! नावासकट!”

पोवाडा तिसऱ्यांदा झाला. “सातवी रंभा!” म्हणताना गोदामाची पोतीसुद्धा आवाज प्यायचं विसरली. मुक्ताबाईंनी थांबघड्याळ बघून कागदावर लिहिलं, तेरा मिनिटं वीस सेकंद. आणि चांगुणाला दाराशी बाजूला घेऊन म्हणाल्या, “एक सांगू? झील पाच जणी देताय ना तुम्ही? आत्ता… मला हेडफोनमध्ये सहा ऐकू आल्या.”

तेव्हा चांगुणाला भीती वाटली नाही. उलट अभिमानच वाटला.

एप्रिलात एका दुपारी बायकांच्या कार्यक्रमात पोवाडा लागला. दौंडला रेल्वेच्या चाळीत लालबीच्या घरी मोठा सेट होता. लालबी चांगुणाची शेजारीण. तिनं आदल्या दिवशीच सगळ्यांना आवतण दिलं होतं. पंचवीस-तीस बाया दाटीवाटीनं बसल्या, चुलीवर चहाचं पातेलं, पोरं खिडकीत लोंबकळत. निवेदिकेनं ‘चांगुणा आणि सहकारी’ म्हटलं आणि चाळीत अशी आरोळी उठली की यार्डातली शंटिंगची शिट्टी त्यात बुडाली. “शहाबानोचा तास घेणारी मास्तरीण रेडिओत!” लालबी सगळ्यांना सांगत होती. शहाबानो तिची लेक.

पोवाडा रंगला. “सातवी रंभा!” आलं तेव्हा चांगुणानं डोळे मिटले. शेवटची झील वर गेली, विरली, संपली.

आता निवेदिका बोलायला हवी होती. ती बोलली नाही.

एक… दोन… तीन… सेट नुसता सूंऽऽ करत होता. लालबी बटणाकडं हात नेत म्हणाली, “बिघडला काय गं?” आणि त्या रिकाम्या जागेत चांगुणाला तोच आवाज ऐकू आला. तरुण, ताठ, अगदी कानाजवळ.

“म्हाळू.”

मग लगेच निवेदिका आली, आभार मानले, पुढचा कार्यक्रम सुरू झाला. बायांनी टाळ्या पिटल्या. चांगुणानं मात्र टाळी वाजवली नाही. म्हाळू तिचा आजोबा. बापाचा बाप. ती दहा वर्षांची असताना गेलेला. पोवाड्यात त्याचा काही संबंध नव्हता.

“लालबी… शेवटी नाव घेतलं ते ऐकलंस?”

लालबीचा चहाचा पेला हातातच राहिला होता. “ऐकलं,” ती पुटपुटली. “पन माझ्या मामूचं नाव कशाला घेतलं गं तिनं? तिला काय ठावं माझा मामू?…”

“मामूचं?”

“व्हय. साफ ऐकलं मी.”

दोघींनी इतर बायांकडं पाहिलं. निम्म्या हसत-बोलत होत्या. पण कोपऱ्यात तिघी-चौघी अगदी गप्प बसल्या होत्या, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हती.

चांगुणानं दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. धरली. गोठणवाडीत ताईबाई ओट्यावर बसली होती. पायरव ओळखून तिनंच विचारलं, “तुला कुनाचं आलं?”

चांगुणा म्हणाली, “म्हाळूआबाचं. आजी, आबा त्या दिवशी कुठं व्हता?”

लांब इंजिनाची धडधड चालली होती.

“म्हाळू त्या घराच्या दाराशी राखनीला हुता. त्या राती. येसकराची, गावराखनीची पाळी हुती त्याची.”

“मग?”

“मग काय… तिला आत कोंडली. ती आतनं दार वाजवीत हुती. लई येळ. म्हाळू उंबऱ्याला बसून ऐकत हुता. त्यानं काय केलं न्हाई. त्याचं पोट त्या घरावर हुतं. सकाळच्याला दार वाजायचं थांबलं.”

“तुला कसं ठावं?…”

“आमी पानी घिऊन निघालो तवाच वाजाया लागलं हुतं, पोरी. सहा जनींनी ऐकलं. घागरी भरलेल्या, पोरं तान्हेली… मागं वळलो न्हाई आमी. एक बी न्हाई. शपथ तिनं घातली ती खरी, पन नाव न घ्यायला आमास्नी शपथ लई सोयीची पडली.” तिचे फुलं पडलेले डोळे चांगुणाच्या चेहऱ्याच्या थोडे बाजूला लागले होते. “काल मला कुनाचं नाव आलं म्हायतीये?… माझंच.”

चांगुणा तिच्या पायाशी बसली. “आन् लालबीला तिच्या मामूचं का आलं? त्यो तर या गावचा न्हवं.”

“त्याच्या गावात बी यखादं दार वाजलं आसंल,” ताईबाई म्हणाली.

चांगुणानं त्या संध्याकाळी पोवाड्याला नवं कडवं जोडलं. त्यात दार आहे, उंबरा आहे आणि म्हाळूचं नाव आहे. माहेरच्यांनी वर्षभर बोलणं टाकलं, पण तिनं ते कडवं गाळलं नाही, आणि अजून गाते.

आणि रेडिओतली ती फीत? मुक्ताबाईंनी केंद्रावर तपासली. पोवाड्यानंतर फितीवर काहीही नाही, कोरी. निवेदिका म्हणे, मी तर लगेच बोलले. पण पत्रांचा ढीग आला, बायकांनी पोवाडा पुन्हा मागितला, म्हणून शहात्तर साली तो परत लागला. मुक्ताबाई थांबघड्याळ घेऊन बसल्या. तेरा मिनिटं एकतीस सेकंद भरली. अठ्ठ्याहत्तरला पुन्हा लागला, तेव्हा तेरा मिनिटं अठ्ठावन्न. फीत त्यांनी हातानं मापून पाहिली, एक बोटही वाढलेली नाही. वाढते ती फक्त शेवटची रिकामी जागा. त्या जागेत मुक्ताबाईंना स्वतःला कुणाचं नाव येतं, ते त्यांनी चांगुणालाही कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “पहिल्यांदा एक होतं. आता तीन आहेत.”

तेव्हा मंडळी, कधी दुपारी तुमच्या घरी तो पोवाडा लागला आणि शेवटी सेट गप्प झाला, तर बटणाला हात लावू नका. तुमच्याजवळ बसलेल्याला काय ऐकू आलं ते विचारूही नका. तुम्हाला जे नाव येईल ते टिपून ठेवा. बापाचं असो, आजाचं असो, स्वतःचं असो. खाडाखोड करू नका, एकही कमी लिहू नका. हात जोडून मागणं आहे, एवढा हिशेब तेवढा खरा ठेवा.